हातातले हत्यार आणि मुखातले नाम

वारकरी सज्जनहो, खंडेनवमीच्या दिवशी आपल्या घरोघर काय चालते ते जरा डोळ्यांपुढे आणा. ओसरी झाडून पुसून पाट मांडतात. शेतकऱ्याच्या घरी विळा, खुरपे, कुदळ, कुऱ्हाड, पहार. सुताराच्या घरी करवत, वाकस, रंधा, पटाशी. शिंप्याच्या घरी कातर आणि शिलाईचे यंत्र. असे ज्याचे त्याचे हत्यार ओळीने मांडले जाते. त्याला हळदकुंकू लागते, वर झेंडूचे फूल पडते, नारळ फुटतो, मुलाबाळांच्या हातावर खोबरे पडते. मोठा गोड दिवस!

एका वर्षी एका स्नेह्यांच्या घरी या पूजेला बसण्याचा योग आला. पूजा झाल्यावर मी सहज एक खुरपे उचलून पाहिले. फूल बाजूला झाले, तो खाली पात्यावर तांबड्या गंजाचा थर! धार म्हणाल तर बोट फिरवले तरी चरा उमटू नये. मी म्हटले, "अहो, याला कधी तेलाचे बोट तरी लागते का?" ते हसून म्हणाले, "बुवा, वर्षातून एकदा पूजा करतो की!"

मीही हसलो. त्यांना दोन शब्द ऐकवावे असे मनात आले होते. पण घरी आलो आणि आमचीच हत्यारांची पेटी उघडली. वडिलांची करवत दाते बोथट होऊन पडलेली, हातोडीचा दांडा खिळखिळा, आणि पक्कड तर गंजून उघडेच ना. दुसऱ्याला सांगण्यासाठी ओठांवर आलेले शब्द तिथल्या तिथे गिळले. तेव्हापासून या विषयावर मनन चालू आहे, त्यातले थोडे आज आपल्या पायाशी ठेवतो.

आता कोणी म्हणेल, "बुवा, हे पारमार्थिक मासिक आहे. इथे नामाचा महिमा सांगा, पंढरीचा सोहळा सांगा. खुरप्या-हातोडीच्या गोष्टी कशाला?"

याचे उत्तर आपल्या संतमंडळींकडेच पाहून मिळते. आपला संप्रदाय काही केवळ मठात बसलेल्यांनी वाढवला नाही. अरणच्या सावता महाराजांच्या हातात खुरपे होते. तेरचे गोरोबाकाका चाकावर घट घडवीत. नरहरी महाराजांपुढे सोनाराची ऐरण, सेना महाराजांच्या काखेत धोकटी, नामदेवराय शिंप्याच्या घरचे, आणि जनाबाईच्या हाती जात्याचा खुंटा. पंढरीजवळ गोपाळपुरात जनाबाईचे जाते म्हणून आजही दाखवतात आणि आपण त्याला हात लावून तो हात कपाळी लावतो. पोथी नव्हे, सिंहासन नव्हे, पीठ दळण्याचे जाते! देव भेटावा म्हणून यांपैकी कोणी हातातले काम टाकले नाही. कामातच त्यांना देव भेटला.

ज्ञानेश्वर माउलींनी शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 मध्ये, ज्ञानेश्वरी सांगितली. तिच्या अठराव्या अध्यायात त्या सांगतात की आपल्या वाट्याला आलेले कर्म हेच फूल करून सर्वात्मक ईश्वराची पूजा करावी. आता विचार करा. कर्म हे जर फूल, तर ते फूल ज्या हत्याराने उमलते ते हत्यार कसे असावे? देवापुढे आपण किडलेले, सुकलेले फूल वाहत नाही. मग गंजक्या विळ्याने, अर्ध्या मनाने, कसेबसे ओढून केलेले काम देवापुढे कसे ठेवणार?

म्हणून हत्याराची निगा हे परमार्थातले पहिले पाऊल नसले, तरी परमार्थाच्या वाटेवरचे पाऊल खासच आहे.

ही निगा काही अवघड नाही, तिला पैसाही फारसा लागत नाही. शेतातून आल्यावर खुरप्या-कुदळीचा चिखल वाळू देऊ नये. लगेच धुवावा आणि फडक्याने कोरडे करावे. पावसाळा संपला की पात्यावर तेलाचा हात फिरवावा. लाकडी दांड्याला जवसाचे तेल चोळावे. ते लाकडात मुरून वाळते आणि दांडा तडकत नाही. विळा, कोयता पाजवायचा तर दगडावर पाणी घालून, एका तिरक्या रोखाने, शांतपणे पाजवावा. हल्ली विजेच्या चाकावर झटपट धार काढतात. त्यात घाई झाली की पाते तापते आणि कडेला निळा रंग चढतो. तो रंग दिसला म्हणजे समजावे, लोहाराने दिलेले पाणी उतरले. मग ती धार दोन दिवस टिकायची नाही. घाईने काढलेली धार आणि घाईने घेतलेले वैराग्य, दोन्हींची गत सारखीच!

फवारणीचा पंप पाहा. औषध मारून झाले की पंप तसाच कोपऱ्यात टाकतात. आत औषध सुकते, नळीचे तोंड बुजते, वायसर कडक होतो. पुढच्या हंगामात पंप चालत नाही आणि माणूस म्हणतो, "बिघडला, नवा आणू." अरे बाबा, काम झाल्याबरोबर स्वच्छ पाण्याने दोन वेळा धुतला असतास, ते धुणावळ विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब टाकले असतेस आणि थोड्या पैशांचा वायसर बदलला असतास, तर नव्या पंपाचे पैसे वाचले असते. आणि एक गोष्ट जिवाची म्हणून सांगतो. बुजलेले तोंड कधीही ओठांना लावून फुंकू नका. ते विष आहे. बारीक काडीने किंवा पाण्याने मोकळे करा.

आता दांड्याची गोष्ट. कुऱ्हाडीचा किंवा कुदळीचा दांडा सैल झाला की पुष्कळ लोक काय करतात? ती रात्रभर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवतात. सकाळी लाकूड फुगून दांडा घट्ट बसतो. माणूस खूश! दोन दिवस ऊन लागले की लाकूड वाळते आणि दांडा पूर्वीपेक्षाही सैल होतो. मग एखाद्या दिवशी घाव घालताना पाते सुटून कोणाच्या तरी अंगावर जाते. यावर खरा उपाय म्हणजे पाचर. वाळलेल्या टणक लाकडाची पाचर दांड्याच्या डोक्यात ठोकून बसवली की काम झाले.

मंडळी, आपल्या मनाचेही असेच नव्हे का? कीर्तनाला बसलो, टाळमृदंग घुमला, डोळे भरून आले, मन फुगून देवाला घट्ट बसले. घरी गेलो, प्रपंचाचे ऊन लागले की पुन्हा सैल! म्हणून आपल्या वडिलधाऱ्यांनी पाचर सांगून ठेवली आहे. गळ्यात माळ, महिन्याच्या एकादशा, वर्षाची वारी, रोजचा हरिपाठ. नेम हीच ती पाचर. भिजणे चांगलेच, पण भिजण्यावर विसंबू नये.

असो. आता मूळ मुद्द्याकडे येतो. हत्यार जपावे, वस्तू दुरुस्त करून वापरावी, बोटभर फाटले तेव्हाच टाका घालावा, जुन्या लुगड्या-धोतरांची गोधडी शिवावी, स्वतःच्या हाताने होईल ते स्वतः करावे. याला आपण काटकसर म्हणतो आणि ती चांगलीच आहे. परंतु या काटकसरीच्या पोटात एक चोर लपून बसतो. तो चोर मला कसा सापडला, ते सांगितल्यावाचून हे निरूपण खोटे होईल.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. पायी वारीत होतो. चालता चालता माझ्या वहाणेचा अंगठा तुटला. रस्त्याच्या कडेला झाडाखाली एक वृद्ध मोची बसले होते. पुढ्यात आरी, रापी, दोऱ्याचे रीळ आणि मेणाचा गोळा. वहाण पुढे केली. त्यांनी दहा रुपये सांगितले. मी म्हटले, "दोन टाक्यांचे दहा? आम्ही वारकरी माणसं, पाच घ्या." ते काही बोलले नाहीत. मान हलवली आणि कामाला लागले. अंगठा शिवून झाल्यावर त्यांनी माझी दुसरी वहाणही मागितली. तिचा अंगठा तुटायच्या बेतात होता. तिलाही न सांगता टाके घातले. मी पाच रुपये ठेवले, "माउली" म्हणून हात जोडले आणि दिंडी गाठली.

त्याच रात्री मुक्कामावर निरूपणाची पाळी माझी. विषय निघाला साध्या राहणीचा. आणि मी काय करावे? वहाणेची हीच गोष्ट मोठ्या तोऱ्याने सांगितली! "नवी वहाण घेतली नाही, जुनी शिवून घेतली, तीही अर्ध्या पैशांत. वारकऱ्याने असे राहावे!" मंडळींनी माना डोलावल्या. मलाही बरे वाटले.

निरूपण संपले. दिंडीत स्वयंपाकाला हातभार लावणाऱ्या एक माळकरी आजी होत्या. अक्षरओळख नाही, पण हरिपाठ मुखोद्गत. त्या जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "बुवा, एक इचारू का? तुमचं पाच रुपये वाचलं, ते गेलं कुणाच्या घरातनं?"

मी गप्प झालो. आजींनी पुढे काही म्हटले नाही, भांडी घासायला निघून गेल्या.

रात्रभर झोप नाही. पाच रुपयांची गोष्ट नव्हती. मी स्वतःच्या घासातला घास कमी केला नव्हता, चहा सोडला नव्हता, काही त्यागले नव्हते. एका म्हाताऱ्या कारागिराच्या कष्टातून पाच रुपये उचलले होते, आणि त्याला वैराग्य असे नाव देऊन चारचौघांत मिरवले होते. त्यात "आम्ही वारकरी" म्हणून पांडुरंगाच्या नावाचाही भाव केला होता. सकाळी उठून मागे जावे तर दिंडी पुढे निघालेली. पंढरीहून परतताना ते झाड गाठले. झाडाखाली कोणी नव्हते. पुढच्या वर्षी पाहिले, त्याच्या पुढच्या वर्षी पाहिले. ते पुन्हा दिसले नाहीत. त्यांनी घातलेले टाके मात्र पंढरपूरपर्यंत टिकले, आणि घरी येऊनही वर्षभर टिकले. पायात वहाण घालताना रोज ते टाके दिसत.

देहूच्या तुकोबारायांची कथा आपण सारे जाणतो. घरात सावकारी होती, लोकांकडून येणे असलेल्या पैशांची खते होती. ती बुडवायचा त्यांनी निश्चय केला, तेव्हा परंपरा असे सांगते की धाकटे बंधू कान्होबा यांचा वाटा त्यांनी वेगळा काढून दिला आणि फक्त स्वतःच्या वाट्याची खते इंद्रायणीच्या डोहात सोडली. किती बारीक विवेक आहे हा! त्याग करायचा तो आपल्या वाट्याचा. भावाच्या वाट्यावर माझे वैराग्य चालत नाही. ही कथा मी कितीतरी वेळा सांगितली होती, पण तिचा अर्थ मला त्या आजींच्या प्रश्नाने कळला.

काटकसरीची कसोटी हीच. वाचलेला पैसा कोणाच्या वाट्यातून वाचला? माझ्या जिभेच्या, माझ्या हौशीच्या, माझ्या आळसाच्या वाट्यातून वाचला असेल तर ती काटकसर. कारागिराच्या मजुरीतून, शेतमजुराच्या रोजातून, घरातल्या बाईच्या झोपेतून वाचला असेल तर त्याला दुसरे नाव आहे. ते नाव आपण मनातल्या मनात घ्यावे.

आणि हे केवळ पैशाचे नाही. गावगाड्यात पूर्वी बलुतेदारी होती. सुताराने औत करावे, लोहाराने फाळ ठोकावा, कुंभाराने मडकी द्यावीत, आणि सुगीत खळ्यावर त्यांना धान्याचा वाटा मिळावा. काही जण तिचे गोडवे गातात. पण ज्या हातांनी गाव उभे केले त्यांना गावाने किती मान दिला? आपल्या चोखोबारायांचेच पाहा. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असताना ती भिंत कोसळून त्यांचा अंत झाला. गावाला त्यांचे हात चालत होते, पण देवाच्या दारी त्यांना आत घ्यायला गाव तयार नव्हते. महाद्वारासमोर त्यांची समाधी आहे. आपण तिला नमस्कार करून पुढे जातो. त्यांच्या समाजाला पंढरीच्या मंदिरात प्रवेश मिळायला 1947 साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावे लागले. पैशाची कंजूषी वाईटच, पण मान देण्यातली कंजूषी त्याहून वाईट. कष्टकऱ्याला "अरे ए" म्हणून हाक मारणे आणि देवाला "माउली" म्हणणे, या दोन्ही गोष्टी एका तोंडाला शोभत नाहीत.

याच्या उलट गाडगेबाबांकडे पाहा. 1876 साली जन्मले, 1956 साली देह ठेवला. अंगावर चिंध्या जोडलेला कपडा, हातात खराटा, जेवायला मडक्याचे खापर. याहून कमी संसार कोणाचा असेल? स्वतःपुरती एवढी काटकसर, पण दुसऱ्यासाठी हात किती सैल! पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक अशा ठिकाणी त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. गावात येत ते आधी खराटा हातात घेऊन रस्ते झाडीत आणि मग रात्री कीर्तन करीत. आधी हत्यार, मग नाम! त्यांनी स्वतःचे वाचवले ते लोकांना देण्यासाठी. कंजूष माणूस लोकांचे वाचवतो ते स्वतःला साठवण्यासाठी. वरून दोघांचे कपडे सारखेच जुने दिसतात, आतली दिशा मात्र उलटी.

आता व्यवहारात कसे वागावे? मला जे सुचते ते सांगतो. आपण आपल्या विवेकाने पारखून घ्यावे.

पहिले, जे आपल्या हाताने होते ते आळसापायी दुसऱ्यावर टाकू नये. गुंडी लावणे, खिळा ठोकणे, सायकलीची हवा भरणे, नळाचा वायसर बदलणे, दांड्याला पाचर ठोकणे ही कामे घरातल्या मुलांना आणि मुलींनाही शिकवावीत. हाताला काम आले की मनाला धीर येतो.

दुसरे, जे आपल्याला येत नाही त्यात हुशारी दाखवू नये. मोटारीच्या स्टार्टरमध्ये, विजेच्या तारांत, गॅसच्या नळीत पैसे वाचवायला हात घालू नये. तिथे वाचलेले शंभर रुपये एखाद्या घराचा कर्ता माणूस घेऊन जातात.

तिसरे, कारागिराकडे गेलो की कामाची चौकशी जरूर करावी, भाव आधी विचारून घ्यावा, परवडत नसेल तर तसे सरळ सांगावे. पण त्याच्या अडचणीचा फायदा घेऊन घासाघीस करू नये. काम झाल्यावर पैसे लगेच द्यावेत. "पुढच्या बाजारी देतो" ही मोठी गोड चोरी आहे.

चौथे, प्रत्येक घरात प्रत्येक हत्यार असलेच पाहिजे असे नाही. शिडी, मोठी करवत, पहार ही वर्षातून चार दिवस लागणारी वस्तू चार घरांनी मिळून घ्यावी. आपल्या दिंडीत नाही का, एक पहार आणि एक घण यांवर साऱ्या राहुट्या उभ्या राहतात? शेजाऱ्याकडून हत्यार आणले तर धुऊन, पाजवून, ठरल्या दिवशी परत द्यावे. आणि मागायला आलेल्याला तोंड वाकडे न करता द्यावे.

पाचवे, दिखाव्यासाठी हप्त्याने वस्तू घेऊ नये. जे यंत्र चार पैसे मिळवून देईल त्याचा हिशेब वेगळा. पण शेजाऱ्याच्या दारात उभे आहे म्हणून आपल्याही दारात हवे, या पायी कित्येक घरांची झोप उडाली आहे. जो हप्ता भरायला वारी चुकवावी लागते, तो हप्ता फार महाग पडतो.

आणि एक छोटा नेम. दशमीच्या संध्याकाळी, एकादशीच्या आदल्या दिवशी, घरातली हत्यारे घेऊन अर्धा तास बसावे. कोरड्या फडक्याने पुसावीत, तेल लावावे, सैल झाले असेल तिथे पाचर ठोकावी. तोंडाने "रामकृष्णहरी" चालू असावे. महिन्यातून दोनदा हे झाले, तर खंडेनवमीला फुलाखाली गंज निघणार नाही. आमच्या घरी हा नेम चालू झाला. वडिलांच्या करवतीला दाते काढून आणले, पक्कड रॉकेलमध्ये भिजवून मोकळी केली. हातोडीला बाभळीचा नवा दांडा बसवताना नातू पाचर धरून बसला होता.

राहता राहिले ते झाडाखालचे ऋण. त्यानंतर वाटेत कोणी मोची भेटला तर तो सांगेल तेवढे देतो आणि दोन शब्द बोलून पुढे जातो. याने ते ऋण फिटले असे मी म्हणत नाही. ज्याचे द्यायचे त्याला दिले गेले नाही, ते कायमचे राहिले. पण कोणाशी भाव करायला तोंड उघडले की आजींचा तो प्रश्न कानात येतो. आपल्याही कानांत तो राहावा, एवढ्यासाठी ही आपली लाज चव्हाट्यावर मांडली. वाचलेला पैसा मोजण्याआधी तो कुणाच्या घरातून आला, एवढे ज्याने त्याने विचारावे.

आपली हत्यारे धारदार राहोत, कारागिरांच्या चुली पेटत्या राहोत आणि मुखी विठ्ठलाचे नाम राहो, हीच पांडुरंगचरणी प्रार्थना.

रामकृष्णहरी!